प्रतिदीप्तीने संहती कशी मोजावी: क्विनाइनचं उदाहरण घेऊन, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पदार्थ प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो, ती प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स). ती मोजून द्रावणातली पदार्थाची संहती, म्हणजे लिटरमागे तो किती आहे, हे काढता येतं. पण ती मोजणाऱ्या उपकरणाच्या, म्हणजे स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटरच्या, पडद्यावर ४३२.७ असा आकडा उमटला, तर एवढ्यावरून काहीही कळत नाही. ते मिलिग्रॅम नव्हेत, मोल नव्हेत. दिव्याचं वय, स्लिटची (प्रकाश जाण्याच्या फटीची) रुंदी, डिटेक्टरला दिलेलं व्होल्टेज आणि खोलीचं तापमान या सगळ्यांवर तो अवलंबून असतो. शोषण मोजताना आपण आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर काढतो, म्हणून तो आकडा कोणत्याही चांगल्या उपकरणावर जवळपास तोच येतो. प्रतिदीप्तीत तसं होत नाही. इथे आकड्याला अर्थ येतो तो त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर मोजलेल्या प्रमाण द्रावणांमुळे, म्हणजे संहती आधीच माहीत असलेल्या द्रावणांमुळे.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या: द्रावण विरल ठेवायचं. नवख्यांच्या बहुतेक चुका द्रावण जास्त संहत असल्याने होतात. पदार्थ वाढवला की चमक वाढेल हे ठराविक मर्यादेपर्यंतच खरं आहे. त्यापुढे आलेख वाकतो आणि आणखी पुढे चक्क खाली उतरतो.

उदाहरणासाठी टॉनिक वॉटरमधला कडू पदार्थ, क्विनाइन, घेऊ. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनाइन सल्फेटच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर निळी झळाळी नोंदवली आणि १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिचं कारण सांगितलं: द्रावण अतिनील प्रकाश शोषतं आणि जास्त तरंगलांबीचा निळा प्रकाश बाहेर टाकतं. आजही शिकायला हाच पदार्थ सर्वांत सोयीचा आहे. तो स्थिर आहे, भरपूर चमकतो, आणि त्याची उत्तेजन (शोषलेल्या प्रकाशाची) व उत्सर्जन (बाहेर टाकलेल्या प्रकाशाची) शिखरं एकमेकांपासून चांगली १०० नॅनोमीटर दूर आहेत.

काय काय लागेल

- झेनॉन दिव्याचा स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटर, उत्तेजन आणि उत्सर्जन दोन्हींना मोनोक्रोमेटर (हवी ती तरंगलांबी निवडणारा भाग) असलेला
- १ सेंटिमीटरची क्वार्ट्झ क्युव्हेट (द्रावण भरायची चौकोनी कुपी), चारही बाजू पारदर्शक असलेली
- क्विनाइन सल्फेट डायहायड्रेट, शुद्धता लिहिलेल्या प्रमाणपत्रासह
- संहत सल्फ्युरिक ॲसिड, विश्लेषण दर्जाचं
- अतिशुद्ध पाणी
- १ लिटरचा एक आणि १०० मिलिलिटरचे दहा-बारा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, अ वर्गाचे
- १ ते १० मिलिलिटरचे पिपेट
- ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा
- तपकिरी काचेच्या बाटल्या, हातमोजे, चष्मा
- शोषण मोजायला साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर. तो नसला तरी काम होतं, पण असला तर निम्म्या शंका जागीच मिटतात.

क्युव्हेटबद्दल थोडं अधिक. शोषणाच्या क्युव्हेटला दोन बाजू पारदर्शक आणि दोन खरखरीत असतात. प्रतिदीप्तीत प्रकाश एका बाजूने आत जातो आणि ९० अंशांवरून बाहेर घेतला जातो, त्यामुळे ती क्युव्हेट इथे चालत नाही. सिग्नल अगदी क्षीण आला तर आधी तेच तपासा. प्लॅस्टिकच्या क्युव्हेट दृश्य प्रकाशात चालतात, पण पॉलिस्टायरीन अतिनीलमध्ये स्वतःच चमकतं. क्विनाइनसाठी क्वार्ट्झच घ्या.

१. उपकरण आधी चालू करा, मग द्रावणांना हात लावा

झेनॉन दिवा स्थिर व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. जुन्या उपकरणांत दिवा पेटताना बाकीच्या यंत्रणेला उच्च व्होल्टेजचा झटका बसतो, म्हणून आधी दिवा आणि मग संगणक व बाकीचं सुरू करण्याचा क्रम पाळा. दिवा बंद केल्यावर तो गरम असताना लगेच पेटवू नका. दिव्याच्या घराचं झाकण उघडू नका: आत वायू मोठ्या दाबाखाली असतो आणि अतिनील किरण डोळ्यांना इजा करतात.

दिवा तापल्यावर एक तपासणी रोज करा. क्युव्हेटमध्ये फक्त शुद्ध पाणी भरा, ३५० नॅनोमीटरने उत्तेजित करा आणि ३७० ते ४५० पर्यंत स्कॅन घ्या. ३९७ नॅनोमीटरला एक लहानसं शिखर दिसेल. हे पाण्याचं रामन प्रकीर्णन: पाण्याच्या रेणूंनी तरंगलांबी बदलून विखुरलेला प्रकाश. त्याची उंची वहीत लिहून ठेवा. दिवा म्हातारा होत चालला, आरसा मळला किंवा तरंगलांबी सरकली, तर या एका आकड्यावरून आधी कळतं.

२. भांडी

इथे आपण लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या-शंभराव्या भागापर्यंत जातो, त्यामुळे एरवी न जाणवणारी घाणही चमकते. कपडे धुण्याच्या पावडरमध्ये कापड उजळ दिसावं म्हणून घातलेली द्रव्यं असतात, आणि ती नेमकी निळ्या भागातच प्रकाश देतात. भांड्यांना ती पावडर कधीही वापरू नका. विरल नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून शुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा खळबळणं पुरेसं आहे. क्रोमिक ॲसिड टाळा: क्रोमियमचा अंश काचेला चिकटून राहतो आणि अतिनील प्रकाश शोषतो.

हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतलेलं भांडं क्विनाइनसाठी मुळीच नको. क्लोराइड क्विनाइनची चमक मारतं. याला शमन म्हणतात, आणि काही मिलिमोलर क्लोराइडनेही तीव्रता जाणवण्याइतकी घटते. द्रावण सल्फ्युरिक ॲसिडमध्ये करायचं कारण हेच.

क्युव्हेट वरच्या कडेला धरा. बोटांचा तेलकट ठसा चमकतो. पुसायला धागे न सोडणारा लेन्स टिश्यू वापरा. साध्या कागदी रुमालातही उजळ करणारी द्रव्यं असू शकतात.

३. द्रावणं

आधी ०.०५ मोलर सल्फ्युरिक ॲसिड ३ लिटर करून घ्या. सुमारे ८.२ मिलिलिटर संहत ॲसिड हळूहळू पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही. ही संहती चौथ्या दशांशापर्यंत अचूक असण्याची गरज नाही, पण ब्लँक (क्विनाइन नसलेलं नुसतं ॲसिड), प्रमाण द्रावणं आणि नमुना तिन्हींना एकाच घाण्यातलं ॲसिड वापरा. अर्ध्यावर ॲसिड संपून नवं करावं लागलं तर ब्लँक बदलतो आणि सगळं पुन्हा मोजावं लागतं.

आता मूळ द्रावण: लिटरला १०० मिलिग्रॅम क्विनाइन. इथे एक नेहमीची गफलत होते. बाटलीत क्विनाइन नाही, क्विनाइन सल्फेट डायहायड्रेट आहे. त्याचं रेणुभार ७८२.९४ आणि त्यात ३२४.४२ रेणुभाराचे क्विनाइनचे दोन रेणू. म्हणजे वजनाचा ८२.९ टक्केच भाग क्विनाइन. १०० मिलिग्रॅम क्विनाइनसाठी १२०.७ मिलिग्रॅम क्विनाइन सल्फेट डायहायड्रेट तोलावं लागतं. १०० मिलिग्रॅमच तोललं, तर पुढचं सगळं काम निर्दोष होऊनही उत्तर सुमारे २१ टक्के जास्त येतं, आणि आलेख सरळच असल्याने चूक कुठेही दिसत नाही. अहवालातही ‘क्विनाइन म्हणून’ की ‘क्विनाइन सल्फेट म्हणून’ हे स्पष्ट लिहा.

तोललेलं क्विनाइन सल्फेट थोड्या ॲसिडमध्ये विरघळवा, १ लिटरच्या फ्लास्कमध्ये नीट धुऊन घ्या आणि खुणेपर्यंत भरा. तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा.

यातले १० मिलिलिटर १०० मिलिलिटर केले की लिटरला १० मिलिग्रॅमचं कामाचं द्रावण मिळतं. त्यातून १, २, ४, ६, ८ आणि १० मिलिलिटर वेगवेगळ्या १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घेऊन ॲसिडने खुणेपर्यंत भरा. झाली ०.१, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.० मिलिग्रॅम प्रति लिटरची मालिका. एक फ्लास्क नुसत्या ॲसिडचा, तो ब्लँक. ही विरल द्रावणं रोज नवी करा. इतक्या कमी संहतीला काचेच्या भिंतीवर चिकटणारा अंशही मोजण्यात येतो.

४. तरंगलांब्या शोधा

पुस्तकातला आकडा थेट टाकू नका, आपल्या उपकरणावर शोधा. ०.४ मिलिग्रॅमचं द्रावण भरा. ३५० ने उत्तेजित करून ३६५ पासून ६०० पर्यंत उत्सर्जन स्कॅन घ्या. ४५० च्या आसपास रुंद शिखर येईल. मग उत्सर्जन त्या शिखरावर बांधून ठेवा आणि उत्तेजन २२० ते ४३० पर्यंत फिरवा. दोन शिखरं दिसतील, २५० आणि ३५० च्या जवळ. ३५० घ्या. २५० ला इतर असंख्य सेंद्रिय पदार्थ प्रकाश शोषतात, त्यामुळे खऱ्या नमुन्यात तिथे गोंधळ होतो.

स्कॅनमध्ये दिसणारं प्रत्येक शिखर तुमच्या पदार्थाचं नसतं. उत्तेजनाच्याच तरंगलांबीला दिसणारा उंच सुळका विखुरलेल्या प्रकाशाचा. ३९७ चा उंचवटा पाण्याच्या रामनचा. स्कॅन पुढे नेला तर बरोबर दुप्पट, म्हणजे ७०० ला दिसणारं शिखर ग्रेटिंगच्या (मोनोक्रोमेटरमधल्या, तरंगलांब्या वेगळ्या करणाऱ्या जाळीच्या) दुसऱ्या क्रमाचं. ओळखायची खात्रीची युक्ती अशी: उत्तेजन ३५० वरून ३६० करा. विखुरलेला प्रकाश ३६० ला सरकेल, रामन ४१० ला आणि दुसरा क्रम ७२० ला जाईल. खरी प्रतिदीप्ती ४५० ला जागच्या जागी राहील, फक्त थोडी कमी-जास्त होईल.

५. स्लिट आणि डिटेक्टर

दोन्ही स्लिट ५ नॅनोमीटरवर ठेवून सुरुवात करा. स्लिट वाढवली की प्रकाश झपाट्याने वाढतो, उत्तेजनाची दुप्पट केली तर साधारण चौपट. तसाच विखुरलेला प्रकाशही वाढतो आणि नमुन्यावर पडणारा अतिनीलचा माराही. सिग्नल कमी वाटला तर आधी वाचनाचा वेळ ०.१ वरून ०.५ सेकंद करून पाहा.

डिटेक्टरचं व्होल्टेज सर्वांत संहत प्रमाण द्रावण, म्हणजे १.० मिलिग्रॅमचं, भरून ठरवा. वाचन पूर्ण मापाच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत यावं. नंतर स्लिट, व्होल्टेज, वेळ यांपैकी काहीही बदलायचं नाही. आपोआप गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) बदलण्याची सोय असेल तर ती बंद करा. एखादा नमुना मापाबाहेर गेला तर मोह होतो व्होल्टेज कमी करायचा. तसं केलं की तो नमुना आणि तुमचा आलेख यांचा संबंध तुटतो. नमुना विरल करा, उपकरणाला हात लावू नका.

उपकरणात दिव्याचा चढउतार भरून काढणारा संदर्भ डिटेक्टर असेल, तर गुणोत्तराची (सिग्नल भागिले संदर्भ) पद्धत निवडा.

६. मोजणी

तापमान वाढलं की बहुतेक पदार्थांची प्रतिदीप्ती घटते. क्युव्हेट धारकाला पाणी फिरवण्याची सोय असेल तर २५ अंश सेल्सिअसवर बांधा. नसेल तर सगळे फ्लास्क उपकरणाशेजारी अर्धा तास ठेवून एका तापमानाला आणा. फ्रिजमधून काढलेलं द्रावण लगेच भरलं तर ते गरम होताना क्युव्हेटच्या भिंतीवर बुडबुडे धरतात, बाहेर दव साठतं आणि वाचन नाचत राहतं.

क्रम असा: आधी ब्लँक, मग विरलाकडून संहताकडे. प्रत्येक द्रावण भरण्यापूर्वी क्युव्हेट त्याच द्रावणाने तीनदा खळबळून घ्या. एकच क्युव्हेट, आणि तिची एकच बाजू नेहमी दिव्याकडे. प्रत्येकाची तीन वाचनं घ्या, मधल्या वेळात शटर बंद ठेवा. तिन्ही वाचनं क्रमाने खाली येत असतील तर प्रकाशाने पदार्थ मोडतो आहे: उत्तेजनाची स्लिट अरुंद करा आणि मालिका नव्याने मोजा. वाचनं वर-खाली उड्या मारत असतील तर धूळ किंवा बुडबुडा आहे.

दर आठ-दहा नमुन्यांनंतर ०.४ चं प्रमाण द्रावण पुन्हा मोजा. ते सुरुवातीच्या वाचनापासून २ टक्क्यांहून जास्त हललं असेल, तर मधले नमुने परत मोजावे लागतील. हे काम कंटाळवाणं आहे, तरीही टाळू नका.

७. आलेख आणि मर्यादा

प्रत्येक वाचनातून ब्लँक वजा करा, संहती विरुद्ध तीव्रता मांडा आणि सरळ रेषा बसवा. रेषा जबरदस्तीने शून्यातून नेऊ नका. ती शून्यापासून दूर छेदत असेल तर ते ब्लँक बिघडल्याचं लक्षण आहे आणि ते दिसायला हवं.

आर वर्ग (रेषा बिंदूंशी किती जुळते याचा आकडा) ०.९९९ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. किंचित वाकलेल्या आलेखालाही तो आकडा सहज मिळतो. प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वर-खाली आहे ते वेगळं मांडा. मधले बिंदू वर आणि दोन्ही टोकं खाली असतील, तर आलेख वाकतो आहे.

तो का वाकतो, हे समजून घेण्यासारखं आहे. डिटेक्टर क्युव्हेटच्या मधल्या भागाकडे पाहतो. द्रावण संहत असेल तर उत्तेजनाचा प्रकाश मध्यापर्यंत पोहोचण्याआधीच पुढच्या थरात शोषला जातो, आणि मध्यभागी अंधार राहतो. याला इनर फिल्टर परिणाम म्हणतात. आकड्यांत पाहा: उत्तेजनाच्या तरंगलांबीला ॲब्सॉर्बन्स (स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजलेलं शोषण) ०.०२ असेल तर सुमारे २ टक्के तीव्रता बुडते, ०.०५ ला साडेपाच टक्के, ०.१ ला ११ टक्के. म्हणून ०.०५ च्या खाली राहा. क्विनाइनचं लिटरला १ मिलिग्रॅम द्रावण ३५० ला सुमारे ०.०१८ दाखवतं, म्हणजे आपली मालिका सुरक्षित आहे. १० मिलिग्रॅमला मात्र जवळपास पाचवा भाग गायब होतो.

विरल करणं शक्यच नसेल तर दुरुस्ती करता येते. उत्तेजन आणि उत्सर्जन या दोन्ही तरंगलांब्यांचे ॲब्सॉर्बन्स मिळवा, बेरीज निम्मी करा, १० चा तेवढा घात काढा आणि त्याने मोजलेली तीव्रता गुणा. ॲब्सॉर्बन्स फार वाढला की ही दुरुस्तीही भरवशाची राहत नाही. विरल करणं केव्हाही बरं.

मोजता येणारी किमान संहती काढायला ब्लँक दहा वेळा मोजा, दरवेळी क्युव्हेट रिकामी करून नव्याने भरून. त्या दहा वाचनांच्या प्रमाण विचलनाला ३.३ ने गुणून रेषेच्या चढाने भागा, ही शोधमर्यादा. १० ने गुणलं तर परिमाण सांगण्याची मर्यादा. त्याखालची उत्तरं आकड्यात देऊ नका.

८. खरा नमुना

समजा टॉनिक वॉटर आहे. वायू आधी पूर्ण घालवा: चंचुपात्रात ढवळत ठेवा किंवा अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १० मिनिटं. मग ५ मिलिलिटरचे १००, आणि त्यातल्या १० मिलिलिटरचे पुन्हा १०० करा, दोन्ही वेळा ०.०५ मोलर ॲसिडने. एकूण २०० पट. एकदम ०.५ मिलिलिटर घेण्यापेक्षा दोन पायऱ्या बऱ्या, कारण लहान पिपेटची चूक मोठी असते.

आता एक तपासणी कधीही वगळू नका. हेच द्रावण आणखी निम्मं विरल करून मोजा. ब्लँक वजा केल्यावर तीव्रता बरोबर निम्मी यायला हवी. निम्म्याहून जास्त आली, किंवा चक्क वाढली, तर पहिलं द्रावण फार संहत होतं किंवा त्यात चमक मारणारं काही आहे. एकच तीव्रता दोन वेगळ्या संहतींना येऊ शकते, आणि ते फक्त या तपासणीने उघड होतं.

नमुन्यात काय काय आहे हे माहीत नसेल तर प्रमाण मिसळण्याची पद्धत वापरा. १०० मिलिलिटरच्या चार फ्लास्कमध्ये पहिल्या पायरीच्या विरल नमुन्याचे १० मिलिलिटर घ्या. त्यात कामाच्या द्रावणाचे अनुक्रमे ०, २, ४ आणि ६ मिलिलिटर घालून खुणेपर्यंत भरा. मिसळलेल्या संहतीविरुद्ध तीव्रता मांडा. रेषेचा छेद १२९ आणि चढ ४३० आला, तर १२९ भागिले ४३०, म्हणजे फ्लास्कमध्ये लिटरला ०.३० मिलिग्रॅम. २०० ने गुणलं की मूळ नमुन्यात ६० मिलिग्रॅम प्रति लिटर.

हा चढ तुमच्या साध्या आलेखाच्या चढाशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर नमुन्यातल्या इतर पदार्थांचा त्रास नाही, पुढच्या वेळी साधा आलेख पुरेल. मिसळण्याचा चढ बराच कमी असेल तर शमन होतं आहे. लक्षात घ्या, ही पद्धत शमन भरून काढते, पण नमुन्यातलं दुसरंच काही ४५० ला चमकत असेल तर ते वजा करत नाही. त्यासाठी नमुन्याचं पूर्ण उत्सर्जन स्कॅन शुद्ध क्विनाइनच्या स्कॅनवर ठेवून आकार जुळतो का ते पाहा. शिखर सरकलेलं किंवा एका बाजूने फुगलेलं दिसलं तर आधी पदार्थ वेगळे करावे लागतील.

९. आकडे विचित्र आले तर

ब्लँक मोठा आला तर पाणी, ॲसिड आणि क्युव्हेट एकेक करून बदला. ब्लँकचं पूर्ण स्कॅन घेतलं की उत्तर लवकर मिळतं: ३९७ चंच शिखर मोठं असेल तर ती घाण नाही, रामन आहे. ४५० ला रुंद टेकडी असेल तर क्विनाइन मागे राहिलं आहे किंवा डिटर्जंट.

सगळीच वाचनं सारख्या प्रमाणात कमी असतील तर दिवा, स्लिट किंवा क्युव्हेटची चुकीची बाजू. फक्त नमुन्यांची कमी असतील तर क्लोराइड. फक्त वरची प्रमाण द्रावणं कमी असतील तर इनर फिल्टर किंवा डिटेक्टर भरून गेला आहे. या दोहोंतला फरक ओळखायला स्लिट तात्पुरती अरुंद करून मालिका पुन्हा घ्या: वाक नाहीसा झाला तर दोष डिटेक्टरचा, तसाच राहिला तर द्रावणाचा.

१०. क्विनाइनऐवजी दुसरं काही असेल तर

पायऱ्या त्याच, अटी बदलतात. रायबोफ्लेविन ४५० ला उत्तेजित होऊन ५३० च्या आसपास चमकतं, त्याला काचेची क्युव्हेट चालते, पण उजेडात ते लवकर मोडतं. फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळा आणि खोलीतला दिवा मंद ठेवा. फ्लुओरेसीन ४९० आणि ५१५ वर मोजतात, ते अल्कधर्मी द्रावणातच पूर्ण चमकतं, म्हणून बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) हवा. त्याची दोन्ही शिखरं इतकी जवळ आहेत की ५ ची स्लिटही कधी रुंद पडते. ट्रिप्टोफॅन २८० आणि ३५० च्या जोडीवर, तिथे क्वार्ट्झला पर्याय नाही. पायरीनसारखी बहुचक्री संयुगं उत्तेजित अवस्थेत जास्त वेळ राहतात आणि हवेतला विरघळलेला ऑक्सिजन त्यांची चमक खातो. त्यांच्या द्रावणातून मोजण्याआधी नायट्रोजन सोडावा लागतो, ब्लँक आणि प्रमाण द्रावणांतूनही तेवढाच वेळ. द्रावक उडून जाऊन संहती वाढू नये म्हणून तो नायट्रोजन आधी त्याच द्रावकाच्या बाटलीतून फिरवून आणा.